विश्लेषण : दाखल करायचे की घरी सोडायचे? ब्रिटनच्या रुग्णालयातील ‘कन्सल्टंट’ नेमके काय करतो?

लंडन, लेस्टर किंवा मँचेस्टरमध्ये नातेवाईक असलेल्या घरांत फोनवर एक वाक्य अनेकदा ऐकू येते. ‘दाखल करून घेतलंय, पण कन्सल्टंटने अजून बघितलेलं नाही.’ आपल्याकडे ‘कन्सल्टंट’ म्हणजे ठरावीक वेळी रुग्णालयात येणारा, तपासून स्वतंत्र फी घेणारा तज्ज्ञ. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे ‘एनएचएस’मध्ये, या शब्दाचा अर्थ बराच वेगळा आहे. त्यातही ‘अ‍ॅक्युट मेडिसिन’ आणि पोटविकार ही दोन्ही कामे सांभाळणाऱ्या कन्सल्टंटची नोकरी समजून घेण्यासारखी आहे. पहिल्या कामात निर्णय काही तासांत घ्यावे लागतात, दुसऱ्यात एकेक रुग्ण दहा-वीस वर्षे सांभाळावा लागतो. दोन्हींत औषधाइतकेच महत्त्व योग्य वेळी घेतलेल्या अनुभवी निर्णयाला आहे. हा निर्णय कसा घेतला जातो आणि रुग्णालयात खाटच रिकामी नसेल तर त्याचे काय होते?

‘कन्सल्टंट’ म्हणजे नेमके कोण?

‘एनएचएस’ची स्थापना ५ जुलै १९४८ रोजी झाली. या व्यवस्थेत कन्सल्टंट हा रुग्णालयातील सर्वांत वरच्या पायरीवरचा पगारी डॉक्टर असतो. दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाची अंतिम वैद्यकीय जबाबदारी कोणत्या ना कोणत्या कन्सल्टंटच्या नावावर असते. खाटेच्या डोक्याशी किंवा संगणकावरील नोंदीत ते नाव लिहिलेले असते. त्याच्या हाताखाली वेगवेगळ्या टप्प्यांवर शिकणारे डॉक्टर काम करतात. त्यांना पूर्वी ‘ज्युनिअर डॉक्टर’ म्हणत. सप्टेंबर २०२४ पासून त्यांना ‘रेसिडेंट डॉक्टर’ म्हटले जाते.

या पदापर्यंतचा रस्ता लांब आहे. वैद्यकीय पदवीची पाच-सहा वर्षे, मग दोन वर्षांचा ‘फाउंडेशन’ कार्यक्रम, तीन वर्षे सर्वसाधारण मेडिसिन आणि त्यानंतर किमान चार वर्षे निवडलेल्या शाखेचे प्रशिक्षण. मधल्या काळात ‘एमआरसीपी’ परीक्षेचे तीन टप्पे आणि शाखेची स्वतंत्र परीक्षा असते. हे सारे पूर्ण झाल्यावर जनरल मेडिकल कौन्सिलच्या तज्ज्ञांच्या नोंदवहीत नाव येते आणि मग कन्सल्टंटच्या कायम जागेसाठी अर्ज करता येतो. विशीच्या आत वैद्यकीय शिक्षण सुरू केलेला डॉक्टर या खुर्चीवर बसतो तेव्हा तो तिशी ओलांडून पुढे गेलेला असतो.

‘अ‍ॅक्युट मेडिसिन’ ही वेगळी शाखा कशासाठी?

रुग्णालयात अचानक येणारा प्रत्येक रुग्ण अपघाताचा नसतो. धाप लागलेली आजी, ताप चढून बरळणारा मधुमेही, पायावर सूज आणि छातीत कळ आलेली तरुणी, रक्ताची उलटी झालेला कामगार हे सारे ‘मेडिसिन’चे रुग्ण. ‘ए अँड ई’, म्हणजे अपघात व आपत्कालीन विभागात त्यांची पहिली तपासणी होते. दाखल करावे लागेल असे वाटले की ते मेडिसिनच्या चमूकडे सोपवले जातात.

पूर्वी हे काम हृदयरोग, मधुमेह, पोटविकार अशा शाखांतील डॉक्टर आळीपाळीने करत. आपले बाह्यरुग्ण, आपल्या तपासण्या सांभाळून उरलेल्या वेळात नवे रुग्ण पाहिले जात. त्यामुळे दुपारी आलेल्या रुग्णाला अनुभवी डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणे नवलाचे नव्हते. पहिल्या काही तासांसाठीच खास डॉक्टर हवेत, या विचारातून ‘अ‍ॅक्युट मेडिसिन’ उभे राहिले. ‘सोसायटी फॉर अ‍ॅक्युट मेडिसिन’ ही संघटना २००० मध्ये स्थापन झाली आणि २००९ मध्ये या शाखेला ब्रिटनमध्ये स्वतंत्र दर्जा मिळाला.

या डॉक्टरांचे घर म्हणजे ‘अ‍ॅक्युट मेडिकल युनिट’. रुग्ण येथे साधारणपणे जास्तीत जास्त ७२ तास राहतो. त्या काळात निदान, उपचारांची सुरुवात आणि पुढची दिशा ठरते. काहींना त्याच दिवशी तपासून, औषध देऊन घरी पाठवले जाते. त्यासाठी ‘सेम डे इमर्जन्सी केअर’ हा वेगळा कक्ष असतो. पायाच्या शिरेत गाठ झाल्याची शंका असलेल्या रुग्णाला पूर्वी खाट अडवून बसावे लागे. आता सोनोग्राफी करून, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देऊन त्याला त्याच संध्याकाळी घरी सोडता येते.

१४ तास आणि आकड्यांची भाषा काय आहे?

इंग्लंडमधील निकषानुसार तातडीने दाखल झालेल्या रुग्णाला १४ तासांच्या आत कन्सल्टंटने प्रत्यक्ष तपासले पाहिजे. आठवड्याचे सातही दिवस हाच नियम लागू आहे. आधी रेसिडेंट डॉक्टरने इतिहास घेतलेला असतो, रक्ततपासण्या पाठवलेल्या असतात. कन्सल्टंट ते सारे पुन्हा तपासतो, निदान कायम करतो किंवा बदलतो आणि पुढचा आराखडा लिहून देतो. या फेरीला ‘पोस्ट-टेक राउंड’ म्हणतात. सकाळच्या एका फेरीत रात्रभरात आलेले डझनभर किंवा त्याहून अधिक रुग्ण असू शकतात आणि प्रत्येकासाठी मिनिटे मोजकीच.

आधी कोणाला पाहायचे, हे ठरवायला ‘न्यूज-२’ नावाचा गुणांक आहे. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या पद्धतीची ही २०१७ मधील सुधारित आवृत्ती. श्वासाचा वेग, रक्तातील ऑक्सिजन, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सहा गोष्टींना शून्य ते तीन गुण मिळतात. बाहेरून ऑक्सिजन द्यावा लागत असेल तर दोन गुण वाढतात. बेरीज पाच किंवा जास्त झाली की डॉक्टरने तातडीने पाहायचे. सात किंवा जास्त झाली तर तो आणीबाणीचा इशारा.

हा आकडा निदान सांगत नाही. रुग्ण किती वेगाने ढासळतो आहे एवढेच तो सांगतो. नेहमीच्या गोळ्यांमुळे नाडी वाढूच न शकणारा वृद्ध रुग्ण आतून रक्तस्राव होत असतानाही कमी गुण दाखवू शकतो. अशी सूट कोणत्या रुग्णाला द्यायची आणि कोणाला नाही, यासाठी अनुभव लागतो.

पोटविकार आणि ‘अ‍ॅक्युट’ यांची जोडी कशी जमली?

ब्रिटनमध्ये पोटविकारतज्ज्ञ होणारा डॉक्टर सर्वसाधारणपणे ‘जनरल इंटर्नल मेडिसिन’चेही प्रमाणपत्र घेतो. त्यामुळे कन्सल्टंट झाल्यावरही त्याला मेडिसिनच्या तातडीच्या पाळ्या चुकत नाहीत. दुसऱ्या बाजूने ‘अ‍ॅक्युट मेडिसिन’ शिकणाऱ्याला एक जादा कौशल्य आत्मसात करावे लागते. त्यातील एक पर्याय एंडोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीने अन्नमार्ग तपासण्याचा आहे. दोन्ही वाटांनी येणारे काही डॉक्टर अखेर दोन्ही कामे करतात.

दुर्बिणीच्या या तंत्रात एक भारतीय धागाही आहे. मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजात काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखवली. त्यांचा शोधनिबंध १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. लवचिक दुर्बीण त्याच कल्पनेतून पुढे आली. आता तंतूंची जागा टोकावरच्या छोट्या कॅमेऱ्याने घेतली आहे. नळीतून बारीक उपकरणे घालून रक्तस्रावही थांबवता येतो.

रक्ताची उलटी : दोन रुग्ण, दोन निर्णय

हे काम समजण्यासाठी दोन काल्पनिक रुग्ण घेऊ. दोघेही एकाच रात्री आले आहेत आणि दोघांची तक्रार एकच आहे, रक्ताची उलटी.

पहिला २४ वर्षांचा विद्यार्थी. पार्टीनंतर पाच-सहा उलट्या झाल्या आणि शेवटच्या उलटीत रक्ताची रेघ दिसली. नाडी ८४, वरचा रक्तदाब १२४, हिमोग्लोबिन आणि युरिया व्यवस्थित. दुसरा ५८ वर्षांचा बसचालक. गुडघेदुखीसाठी काही आठवडे आयबुप्रोफेन घेतो आहे. दोन दिवसांपासून शौचास डांबरासारखे काळे, चिकट होते आहे. नाडी ११२, वरचा रक्तदाब ९८, श्वासाचा वेग मिनिटाला २२, हिमोग्लोबिन ९.२ आणि युरिया वाढलेला.

युरिया का पाहायचा? पोटात सांडलेले रक्त आतड्यात पचते. त्यातील प्रथिनांपासून युरिया तयार होतो आणि रक्तातील पातळी वाढते. ‘ग्लासगो-ब्लॅचफर्ड’ नावाचा गुणांक युरिया, हिमोग्लोबिन, रक्तदाब, नाडी, काळे शौच, चक्कर येऊन पडणे आणि यकृत किंवा हृदयाचा जुना आजार यांवरून ० ते २३ गुण देतो. दुर्बीण न घालता जोखीम मोजता येते, हे त्याचे वैशिष्ट्य.

विद्यार्थ्याचे गुण शून्य. शून्य किंवा एक गुण असलेल्या रुग्णाला सहसा घरी सोडता येते, तपासणी लागलीच तर बाहेरून. उलट्यांच्या जोराने अन्ननलिकेच्या अस्तराला पडलेली छोटी चीर बहुतेक वेळा आपोआप भरते. बसचालकाचा युरिया लिटरला १२ मिलिमोल धरला तर त्याचे गुण होतात १४. त्याचा ‘न्यूज-२’ सहा. त्याला दाखल करावे लागणार, यात शंका नाही. प्रश्न पुढचे आहेत. रक्त चढवायचे का? दुर्बीण आता, रात्री दोन वाजता घालायची की सकाळी आठला?

घाई केली तर फायदा होतो का?

रक्त जात असेल तर लगेच रक्त द्यावे, असे कोणालाही वाटेल. बार्सिलोनातील डॉक्टरांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ९२१ रुग्णांच्या चाचणीत वेगळेच दिसले. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्या गटात सहा आठवड्यांनंतर ९५ टक्के रुग्ण जिवंत होते. नऊच्या खाली जाताच रक्त दिलेल्या गटात हे प्रमाण ९१ टक्के होते. विशेषतः यकृताच्या रुग्णांत जादा रक्तामुळे शिरांतील दाब वाढतो आणि पुन्हा फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून ९.२ हिमोग्लोबिन असलेल्या चालकाला लगेच रक्त दिले जाईलच असे नाही. मात्र रक्ताच्या जोरदार उलट्या सुरू असतील तर हा नियम लागू होत नाही. भळाभळा रक्त जात असताना हिमोग्लोबिनचा पहिला आकडा प्रत्यक्ष नुकसान दाखवत नाही.

दुर्बिणीचेही तसेच आहे. हाँगकाँगमध्ये गंभीर रक्तस्रावाच्या ५१६ रुग्णांवर झालेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सहा तासांच्या आत एंडोस्कोपी केल्याने सहा ते २४ तासांत केलेल्या एंडोस्कोपीपेक्षा अधिक जीव वाचले नाहीत. आधी सलाइन देऊन रक्तदाब सावरणे, हृदयाच्या इतर आजारांकडे पाहणे, मग २४ तासांच्या आत दुर्बीण हा क्रम बहुतेकांसाठी योग्य ठरतो. त्याच वर्षी १२ हजारांवर रुग्णांच्या ‘हॉल्ट-इट’ या आंतरराष्ट्रीय चाचणीने आणखी एक समज मोडला. अपघातातील रक्तस्रावात उपयोगी ठरलेले ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड अन्नमार्गाच्या रक्तस्रावात मृत्यू कमी करत नाही, उलट रक्ताच्या गाठींचा धोका वाढवते.

म्हणजे रात्री दोन वाजता फोन आलेल्या कन्सल्टंटला अनेकदा ‘थांबू या’ म्हणावे लागते. पण उपचार करूनही रक्तदाब सावरत नसेल तर त्याने अंथरुणातून उठून निघायचे, परिचारिका आणि भूलतज्ज्ञाला बोलवायचे. कोणत्या रुग्णात थांबायचे आणि कोणात निघायचे, हा निर्णय पलीकडे उभ्या असलेल्या रेसिडेंट डॉक्टरच्या वर्णनावरून, प्रसंगी अर्ध्या झोपेत घ्यायचा असतो.

सकाळच्या दुर्बिणीत लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर आणि त्यात उघडी रक्तवाहिनी दिसली तर अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन आणि जोडीला क्लिप किंवा उष्णतेचा वापर होतो. नुसते इंजेक्शन पुरेसे मानले जात नाही. त्यानंतर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची तपासणी होते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना या जिवाणूच्या शोधासाठी २००५ चे नोबेल मिळाले. जिवाणू सापडला तर प्रतिजैविकांचा एक कोर्स अल्सर पुन्हा होण्याची शक्यता खूप कमी करतो.

यकृत : वॉर्डातील सर्वांत अवघड रुग्ण?

दारूमुळे यकृत निकामी झालेले रुग्ण ब्रिटनमधील पोटविकाराच्या वॉर्डांत मोठ्या संख्येने असतात. सिरोसिसच्या रुग्णाला रक्ताची उलटी झाली तर अल्सरपेक्षा अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांची शंका आधी घेतली जाते. इथे दुर्बिणीची वाट न पाहता टर्लिप्रेसिन आणि प्रतिजैविक सुरू करायचे, मग शिरांना रबरी बँड बांधायचे, असा क्रम आहे.

पोटात पाणी झालेल्या, म्हणजे जलोदराच्या रुग्णासाठी एक साधी गोष्ट जीव वाचवते. दाखल होताच बारीक सुईने थोडे पाणी काढून तपासायचे. त्यात न्यूट्रोफिल पेशी घनमिलिमीटरला २५० हून जास्त असतील तर जंतुसंसर्ग धरून उपचार सुरू करायचे. ताप किंवा पोटदुखी नसतानाही हा संसर्ग असू शकतो. म्हणून पहिल्या २४ तासांत करायच्या गोष्टींची यादीच ब्रिटिश तज्ज्ञ संघटनांनी तयार केली आहे. पोटविकारतज्ज्ञ समोर नसला तरी रात्रपाळीच्या कोणत्याही डॉक्टरला ती वापरता यावी, हा तिचा हेतू.

वर्षानुवर्षांच्या आजारात कन्सल्टंटची भूमिका काय?

बाह्यरुग्ण विभागात चित्र बदलते. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्यांच्या दाहाचे आजार अनेकदा तरुण वयात सुरू होतात आणि आयुष्यभर सोबत राहतात. परीक्षा, नोकरी, गर्भारपण अशा प्रत्येक टप्प्यावर औषधांचा फेरविचार करावा लागतो. रुग्ण आणि डॉक्टर एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात.

हाच आजार कधी अचानक पेटतो. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच, सोबत ताप किंवा वाढलेली नाडी असेल तर तो तीव्र हल्ला समजला जातो. हे निकष ट्रुलव्ह आणि विट्स यांच्या १९५५ च्या स्टिरॉइड चाचणीतून आले आणि आजही वापरले जातात. शिरेतून स्टिरॉइड सुरू केल्यावर तिसरा दिवस निर्णायक असतो. त्या दिवशीही आठपेक्षा जास्त वेळा शौच होत असेल, तर नुसत्या स्टिरॉइडवर विसंबून चालत नाही, हे ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये दाखवले. इन्फ्लिक्सिमॅबसारखे औषध द्यायचे की शल्यचिकित्सकाला बोलावून मोठे आतडे काढायचे, हे ठरवावे लागते. ‘आणखी दोन दिवस बघू’ म्हणत राहिल्यास आतडे फुटण्याचा धोका असतो.

भारतीय वंशाच्या रुग्णाबाबत इथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. इन्फ्लिक्सिमॅबमुळे शरीरात सुप्त असलेला क्षयरोग जागा होऊ शकतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासणी करतात. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांची लक्षणेही इतकी सारखी असतात की एकाऐवजी दुसऱ्याचे उपचार सुरू होण्याची भीती असते. मुंबई-पुण्यात मेडिसिन शिकलेल्या डॉक्टरला आतड्याच्या क्षयाची शंका लवकर येते, त्याचा उपयोग तिथे होतो.

आठवडा कसा जातो, पगार किती?

इंग्लंडमधील कन्सल्टंटचे काम २००३ च्या करारानुसार तुकड्यांत मोजले जाते. एक तुकडा चार तासांचा, पूर्णवेळ नोकरी दहा तुकड्यांची. संध्याकाळी सातनंतर, रात्री आणि शनिवार-रविवारी तीन तासांचा एक तुकडा धरला जातो. अ‍ॅक्युट युनिटची सत्रे, वॉर्ड राउंड, बाह्यरुग्ण, एंडोस्कोपीची सत्रे, शल्यचिकित्सक आणि रेडिओलॉजिस्टसोबतच्या बैठका हे थेट रुग्णसेवेत मोडते. शिकवणे, लेखापरीक्षण, स्वतःचा अभ्यास यांसाठी वेगळे तुकडे असतात.

एंडोस्कोपीच्या कामावरही मोजपट्टी आहे. कोलोनोस्कोपी करणारा डॉक्टर किमान ९० टक्के रुग्णांत मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचला पाहिजे आणि किमान १५ टक्के रुग्णांत त्याला कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी सापडल्या पाहिजेत. गाठी सापडण्याचे प्रमाण कमी असेल तर रुग्ण निरोगी आहेत असे समजत नाहीत. डॉक्टरच्या नजरेतून काही सुटते आहे का, हे तपासतात. शिवाय दरवर्षी मूल्यमापन आणि दर पाच वर्षांनी परवान्याची फेरतपासणी असते.

इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी कन्सल्टंटचा मूळ पगार वर्षाला १ लाख ९ हजार ७२५ ते १ लाख ४५ हजार ४७८ पौंड होता. वरच्या टप्प्यावर पोहोचायला १४ वर्षे लागतात. रुग्णामागे फी नसते. त्यामुळे दाखल केले काय किंवा घरी सोडले काय, डॉक्टरच्या खिशात फरक पडत नाही. पगारावरून नाराजी मात्र होती. २०२३ मध्ये कन्सल्टंटनी संप केले आणि २०२४ मध्ये तोडगा निघाला.

खाट नसेल तर निर्णयाचे काय होते?

या व्यवस्थेचे दुखणे इथेच आहे. ‘ए अँड ई’मध्ये आलेल्या ९५ टक्के रुग्णांचा चार तासांत निकाल लागावा, असे उद्दिष्ट होते. इंग्लंडच्या पातळीवर ते २०१५ नंतर एकदाही गाठता आलेले नाही. कन्सल्टंटने सकाळी नऊ वाजता ‘वॉर्डात हलवा’ असे लिहिले, तरी रुग्ण संध्याकाळपर्यंत ट्रॉलीवर, प्रसंगी व्हरांड्यात असू शकतो.

याची किंमत मोजली गेली आहे. इंग्लंडमधील लाखो रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये ‘इमर्जन्सी मेडिसिन जर्नल’मध्ये आला. रुग्णालयात आल्यापासून खाट मिळेपर्यंत सहा ते आठ तास उलटलेल्या दर ८२ रुग्णांमागे महिनाभरात एक जादा मृत्यू होत असल्याचा निष्कर्ष त्यात आहे.

खाटा अडतात त्या बहुतेकदा पुढच्या टोकाला. घरी जाण्याइतके बरे झालेले, पण घरी मदतनीस नाही किंवा वृद्धाश्रमात जागा नाही म्हणून अडकलेले दहा हजारांहून अधिक रुग्ण इंग्लंडच्या रुग्णालयांत दररोज असतात. पाइपचे दुसरे टोक तुंबले की पाणी पहिल्या टोकाला साचते, तसाच हा प्रकार. त्यामुळे वॉर्डातील कन्सल्टंटचा बराच वेळ ‘घरी कोण आहे, जिने किती आहेत, जेवण कोण देणार’ या प्रश्नांत जातो. ते वैद्यकीय प्रश्न नाहीत असे कोणी म्हणेल, पण त्यांच्या उत्तरावर व्हरांड्यातील रुग्णाला खाट कधी मिळणार हे ठरते.

‘करू नका’ हेही उपचार असू शकतात?

स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातील वृद्ध जेवेनासे होतात. ‘पोटातून नळी घाला, उपाशी कसे ठेवायचे?’ असा मुलांचा आग्रह असतो. नळी बसवण्याचे काम पोटविकारतज्ज्ञाचे. पण अशा नळीने आयुष्य वाढते किंवा त्रास कमी होतो, असा पुरावा नाही आणि ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनाही तीव्र स्मृतिभ्रंशात ती सरसकट देऊ नये असे सांगतात. त्याऐवजी चमच्याने, रुग्णाला झेपेल आणि रुचेल तितके भरवणे सुचवले जाते. हे नातेवाइकांना समजावून सांगायला नळी घालण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

हृदय बंद पडले तर छाती दाबायची का, अतिदक्षता विभागात न्यायचे का, हेही दाखल होतानाच ठरवून लिहून ठेवतात. भारतीय कुटुंबांना हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला की धक्का बसतो. ‘डॉक्टरांनी आशा सोडली’ असा अर्थ काढला जातो. बहुतेक वेळा तसे नसते. मध्यरात्री धावत येणाऱ्या अनोळखी डॉक्टरला रुग्णाची इच्छा ठाऊक असावी, एवढाच त्यामागचा उद्देश असतो.

भारतात आणि महाराष्ट्रात काय वेगळे आहे?

भारतात पोटविकारतज्ज्ञ होण्यासाठी एमबीबीएस आणि मेडिसिनमधील एमडीनंतर तीन वर्षांचा डीएम अभ्यासक्रम असतो. डीएम झाल्यावर बहुतेकांचा मेडिसिनच्या तातडीच्या रुग्णांशी रोजचा संबंध सुटतो. ‘अ‍ॅक्युट मेडिसिन’ ही स्वतंत्र शाखा येथे नाही. इमर्जन्सी मेडिसिनला मात्र २००९ मध्येच मान्यता मिळाली. मुंबईतील पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मेडिसिनच्या प्रत्येक युनिटचा ‘इमर्जन्सी डे’ ठरलेला असतो आणि त्या दिवशीचे रुग्ण त्या युनिटचे. त्या गर्दीतून शिकलेल्या निवासी डॉक्टरला ब्रिटनमधील ‘टेक’ अनोळखी वाटत नाही. अनोळखी वाटतो तो कागदोपत्री आराखडा, रुग्णाला प्रत्येक पर्याय विचारण्याची पद्धत आणि परिचारिकेने थेट कन्सल्टंटला प्रश्न विचारणे.

ब्रिटनमधील परवानाधारक डॉक्टरांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांची वैद्यकीय पदवी परदेशातील आहे आणि त्यांत भारतीयांचा वाटा मोठा आहे. १९७५ पर्यंत भारतीय पदवी तिथे थेट मान्य होती. आता इंग्रजीची परीक्षा आणि ‘प्लॅब’चे दोन टप्पे किंवा ‘एमआरसीपी’ हे नोंदणीचे नेहमीचे मार्ग आहेत. नोंदणी झाली म्हणजे प्रशिक्षणाची जागा मिळाली असे नाही. जागांपेक्षा अर्जदार कितीतरी जास्त आहेत आणि ब्रिटनमध्ये शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण सरकारने जुलै २०२५ च्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात जाहीर केले. ‘प्लॅब’साठी कर्ज काढण्यापूर्वी हे गणित मांडणे गरजेचे आहे. प्रशिक्षणाची जागा न घेता अनुभवाचे पुरावे सादर करून तज्ज्ञांच्या नोंदवहीत येण्याचा मार्गही आहे, पण त्याला अनेक वर्षांची कागदपत्रे लागतात.

तिथे नातेवाईक दाखल असेल तर काय विचारावे?

फोनवर तीन प्रश्न उपयोगी पडतात. रुग्ण कोणत्या कन्सल्टंटच्या नावावर आहे? त्या कन्सल्टंटने प्रत्यक्ष पाहिले का आणि आराखडा काय लिहिला? घरी सोडण्यासाठी नेमके काय व्हायचे बाकी आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘मदतनीस’ किंवा ‘औषधांची पुडी’ असेल तर कुटुंबाला तिथेच हातभार लावता येतो.

रुग्ण ढासळतो आहे आणि कोणी ऐकत नाही असे वाटले तर इंग्लंडमध्ये आणखी एक दार आहे. १३ वर्षांच्या मार्था मिल्सचा २०२१ मध्ये सेप्सिसने मृत्यू झाला. प्रकृती बिघडत असल्याचे तिचे आई-वडील सांगत होते. त्यानंतर आलेल्या ‘मार्थाज रूल’नुसार २०२४ पासून टप्प्याटप्प्याने इंग्लंडच्या रुग्णालयांत रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः फोन करून दुसऱ्या, गंभीर रुग्ण पाहणाऱ्या चमूकडून तातडीने तपासणी मागू शकतात. हा क्रमांक वॉर्डाच्या भिंतीवर लावलेला असतो. दाखल झाल्या दिवशीच तो मोबाइलमध्ये साठवून ठेवावा.